नवे टायर घेण्याआधी जुन्या टायरची चीर पाहा

प्रश्न: माझ्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीला कंपनीचे २६५/६५ आर १७, ११२ एस हे हायवे टायर आहेत. ५५,००० किलोमीटर झाले, नक्षी ४ मिलिमीटर उरली आहे. वर्षाला साधारण १५,००० किलोमीटर गाडी चालते. त्यातले १२,००० डांबरी रस्त्यावर. बाकी कच्चे रस्ते, दगडी ओढे, पावसाळ्यात चिखल आणि वर्षातून एकदा वाळू. बहुतेक वेळा चार-पाच माणसं आणि सामान असतं. आतापर्यंत दोन टायर बाजूला फाटून वाया गेले. दोन्ही वेळा दगडी ओढ्यात, टायरच्या खांद्याखाली (नक्षी संपून बाजू सुरू होते त्या कडेखाली) दोन बोटांवर, ब्लेडने कापल्यासारखी सरळ चीर. एकदा चिकणमातीत गाडी रुतली, तेव्हा मड टायर (खास चिखलासाठीचे) असलेल्या मित्राने ओढून काढली. तो म्हणतो २८५/७० आर १७ चे मड टायर टाक. दुकानदार म्हणतो ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) पुरे. हवा मी सगळीकडे ३६ पीएसआयच ठेवतो. कुठले घेऊ? आणि आत्ता फक्त मागचे दोन बदलले तर चालेल का?

उत्तर: मूळ मापातच, म्हणजे २६५/६५ आर १७ मध्येच (२६५ मिलिमीटर रुंदी, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १७ इंची), एलटी म्हणजे हलक्या ट्रकच्या बांधणीचे ऑल टेरेन टायर घ्या आणि स्टेपनीसकट पाचही एकदम बदला. सोबत एक चांगला कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज घ्या. तुमचे दोन टायर फाटले त्यात नक्षीचा दोष कमी आणि ३६ पीएसआयचा जास्त आहे. तो मुद्दा सुटला नाही तर नवे टायरही त्याच ओढ्यात तसेच फाटतील, म्हणून आधी तेच पाहू.

साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, चीर नीट पाहिली की ती कशी पडली ते कळतं. टायर मऊ असताना वेगात दगडावर आदळला, तर साइडवॉल दगड आणि रिमची कड यांच्यात चिमटते. अशा वेळी एकाखाली एक अशा दोन छोट्या चिरा दिसतात आणि त्याच जागी रिमची कडही बहुधा वाकलेली सापडते. तुमचं तसं झालेलं नाही. एकच सरळ, स्वच्छ चीर आणि तीही खांद्याजवळ, म्हणजे ताणलेल्या साइडवॉलवरून दगडाची धार फिरली. ३६ पीएसआयला साइडवॉल ढोलकीच्या पुडीसारखी ताठ असते. धारदार दगड लागला की तिला आत दबायला वाव नसतो, ती कापलीच जाते. हवा २४ असती तर रबर थोडं आत गेलं असतं आणि दगड घासून निघून गेला असता. नक्षीच्या बाबतीतही तेच. कडक टायर टोकदार खडीवर मोजक्याच ठिकाणी टेकतो, सगळं वजन त्या चार टोकांवर येतं आणि नक्षीच्या ठोकळ्यांचे टवके उडतात.

पण म्हणून हवा जितकी कमी तितकं चांगलं, असं समजू नका. १६-१८ पीएसआयला साइडवॉल बाहेर फुगते आणि बाजूचे दगड आधी तिलाच लागतात. वेग जास्त असेल तर वर सांगितलेला चिमटाही बसतो. दगडात २२ ते २६ ठेवा, फोर लो (चारही चाकांना ताकद, गिअर हळू) लावा, पहिल्या गिअरमध्ये माणूस चालेल तेवढ्याच वेगाने जा. आणि एक सवय लावून घ्या: छोटा दगड चुकवायच्या नादात टायरची बाजू त्याला घासू देऊ नका, सरळ त्याच्यावरून चाक न्या. नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. साइडवॉलमध्ये धाग्यांचे दोन-तीन थर आणि वर थोडं रबर, एवढंच असतं.

एलटी का, ते यातूनच येतं. एलटी म्हणजे हलक्या ट्रकसाठी केलेली बांधणी: थर जाड, रबर जास्त, दगडाला दाद न देणारं. तुमच्या टायरवरचा ११२ हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरवर ११२० किलो. याच मापात एलटी टायर १२०/११७ चा मिळतो. त्यातला १२० म्हणजे १४०० किलो. दुसरा आकडा जोडचाकांसाठी असतो, तुमच्या कामाचा नाही. शेजारी लोड रेंज, म्हणजे बांधणीच्या ताकदीची श्रेणी, लिहिलेली असते: सी, डी, ई. त्यांच्या हवेची कमाल मर्यादा अनुक्रमे ५०, ६५ आणि ८० पीएसआय. हा ८० चा आकडा वाचून तेवढी हवा मारणारे लोक आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो की ती मर्यादा आहे, भरायचा आकडा नव्हे. दुकानात ‘१० प्लाय’ (प्लाय म्हणजे थर) म्हणतात, तेही ताकदीचं माप आहे. आत खरोखर दहा थर नसतात. खरे थर बहुतेक टायरच्या साइडवॉलवर बारीक अक्षरात छापलेले असतात. टॉर्च लावून वाचा आणि साइडवॉलला ३ प्लाय मिळत असेल तर तोच घ्या.

याची किंमत मोजावी लागते, तीही सांगायला हवी. एलटी टायर प्रत्येकी काही किलो जड असतो. गाडी रिकामी असताना खड्डे जास्त जाणवतात, इंधन थोडं जास्त लागतं, सस्पेन्शनला आणि ब्रेकला काम वाढतं. म्हणून तुमच्या मापात जी सर्वांत खालची लोड रेंज मिळेल ती घ्या, फक्त लोड इंडेक्स ११२ च्या खाली जाता कामा नये. तुम्ही एकटेच फिरत असता आणि दगड वाटेत नसते, तर साध्या बांधणीचा जादा भार पेलणारा ११६ चा ऑल टेरेन पुरला असता. चार-पाच माणसं, सामान आणि दगडी ओढे हे एकत्र आल्यामुळे माझा कल एलटीकडे आहे.

आता मित्राचे मड टायर. चिखलात त्यांनी काम केलं यात शंका नाही. चिकणमातीत टायरची परीक्षा एकच असते: खाचांत भरलेली माती तो झटकून टाकतो की नाही. मड टायरच्या ठोकळ्यांमधल्या खाचा रुंद आणि खोल. चाक जरा जोरात फिरलं की माती मागे फेकली जाते आणि स्वच्छ झालेला ठोकळा पुन्हा मातीत रुतून धरतो. ऑल टेरेनच्या खाचा अरुंद, त्या भरल्या की टायर वरून गुळगुळीत होतो. तुमचा ४ मिलिमीटरवर आलेला हायवे टायर तर पहिल्या दहा-वीस फुटांतच भरला असणार. चिकट मातीत ऑल टेरेन मड टायरची बरोबरी करणार नाही, हे धरूनच चला. २० ते २२ पीएसआय, फोर हाय (चारही चाकांना ताकद, गिअर नेहमीचे), दुसरा गिअर आणि मधे न थांबता एका लयीत गाडी काढणं, एवढ्यावर तो बराच चिखल पार करतो. चाक जागेवर फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडा. पुढे रेटलंत तर ॲक्सल टेकेपर्यंत खड्डा तुम्हीच खणाल.

तुमचे १५,००० पैकी १२,००० किलोमीटर डांबरावर आहेत, आणि मड टायर तिथे कमी पडतो. ओल्या डांबरावर पकड येते ती रबर रस्त्याला जास्तीत जास्त टेकल्याने आणि ठोकळ्यांवरच्या बारीक चिरांनी, कारण त्या पाण्याचा पातळ थर कापतात. मड टायरला खाचा जास्त म्हणून टेकणारं रबर कमी, आणि चिराही मोजक्याच. परिणामी ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. उंच ठोकळे वळणावर डुलतात, त्यामुळे स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी किंचित उशिरा वळते. लोक आवाजाची तक्रार करतात, पण आवाजाची सवय होते. पाच माणसं बसवून पावसात हायवेवर जोरात ब्रेक मारायची वेळ वर्षात किती वेळा येते आणि चिकणमातीत रुतायची किती वेळा, हे मोजून पाहा. माझ्या लेखी हा प्रश्न तिथेच मिटतो. वर्षातले वीस-पंचवीस दिवस चिखलातच जात असते तर दोन्हींच्या मधला रग्ड टेरेन सुचवला असता.

वाळूत तर मड टायरचा उपयोग उलटाच होतो, ठोकळे खणत जातात आणि गाडी खाली बसते. तिथे नक्षीपेक्षा हवा महत्त्वाची. १६ ते १८ पीएसआयला टायर जमिनीला टेकतो तो भाग लांबीला वाढतो, एखाद्या पट्ट्यासारखा, आणि वजन पसरतं. मात्र इतक्या कमी हवेला २५-३० च्या वर वेग नको आणि स्टिअरिंग झटक्याने फिरवायचं नाही, नाहीतर टायरची कड रिमवरून सुटते. थांबतानाही ब्रेक दाबू नका, गाडी आपोआप थांबू द्या. ब्रेकने पुढच्या चाकांसमोर वाळूचा ढीग जमतो आणि निघताना तोच आडवा येतो.

माप वाढवायचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. २६५/६५ आर १७ चा व्यास ७७६ मिलिमीटर होतो, २८५/७० आर १७ चा ८३१. फरक ५५ मिलिमीटर, त्यातला निम्मा, म्हणजे २७ मिलिमीटर गाडी वर जाते. एवढ्यासाठी गिअरिंग ७ टक्क्यांनी लांब होतं, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी तितकी जास्त पुढे जाते. फोर लो मध्ये उतारावर इंजिन जेवढी गाडी धरून ठेवतं, ती धरण कमी होते, चढावर क्लच जास्त घासावा लागतो, आणि स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी आधीच्या हिशेबाने १०७ वर असते. शिवाय २० मिलिमीटर जास्त रुंद टायर पूर्ण वळणावर मडफ्लॅपला, आतल्या प्लास्टिकला किंवा चॅसिसला घासण्याची शक्यता मोठी, आणि गाडीखालच्या स्टेपनीच्या जागेत तो मावेलच असं नाही. फारच मोह झाला तर २६५/७० आर १७ पर्यंत जा. व्यास ८०३, गाडी १३ मिलिमीटर वर, स्पीडोमीटरमध्ये ३.४ टक्के फरक. तेही एक टायर बसवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, ते चाक उंचवट्यावर चढवून सस्पेन्शन दाबलं जात असताना सगळीकडे निदान बोटभर फट राहते का ते पाहून, आणि रिवर्समध्येही तसंच पाहून मगच. मडफ्लॅपला घासणं बहुधा रिवर्समध्येच लक्षात येतं.

मागचेच दोन बदलायचे का? नाही. तुमची गाडी पार्ट टाइम फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकं ओढणारी असेल, तर फोर हाय लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत) एकमेकांना बांधले जातात, दोन्ही सारखेच फिरतात. नव्या टायरची नक्षी १२ मिलिमीटर आणि जुन्याची ४ धरली तर व्यासात १६ मिलिमीटर आणि परिघात ५० मिलिमीटर फरक पडतो. किलोमीटरमागे चाक सुमारे ४१० वेळा फिरतं, म्हणजे दर किलोमीटरला वीस मीटरचा फरक. तो कुठेतरी घसरून निघायला हवा. चिखलात, वाळूत निघतो. कडक जमिनीवर निघत नाही. शाफ्ट पिळले जातात, गाडी वळताना अडखळते, फोर व्हीलचा लिव्हर अडकून बसतो. कायम चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत तर हा फरक मधल्या डिफरन्शिअलला (पुढच्या-मागच्या शाफ्टना कमी-जास्त फिरू देणाऱ्या भागाला) किंवा क्लचला चोवीस तास सोसावा लागतो आणि तो तापून खराब होतो. टायरचे पैसे वाचवून ट्रान्सफर केसचं काम काढण्यात अर्थ नाही. पाच टायरचा खर्च आत्ताच झेपत नसेल तर दोन-तीन महिने डांबरी रस्त्यावरच, जपून, टू व्हीलमध्ये गाडी चालवा आणि मग पाचही घ्या. ओल्या रस्त्यावर ४ मिलिमीटरचा भरवसा कमी, हे लक्षात ठेवा. नक्षीच्या खाचेत रबराचे छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरची खूण आहेत, पण तिथपर्यंत पोचायची वाट पाहू नका.

टायर घेताना साइडवॉलवर डॉट या अक्षरांपुढचे शेवटचे चार अंक वाचा. ३५२५ असेल तर टायर २०२५ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. पाचांच्या तारखा जवळजवळच्या असाव्यात आणि वर्षापेक्षा जुना टायर नवा म्हणून घेऊ नये. स्पीड रेटिंग एस म्हणजे ताशी कमाल १८० किलोमीटर. काही एलटी टायर आर म्हणजे १७०, किंवा क्यू म्हणजे १६० चे असतात. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या खाली उतरू नका, कायद्याचा आणि विम्याचा प्रश्न येतो. एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) ही अक्षरं पाहून हुरळून जाऊ नका, ती बनवणारा स्वतःच्या विश्वासावर छापतो. बर्फाच्या चाचणीची खूण वेगळी असते, तीन शिखरं आणि हिमकण, आणि बर्फात जायचंच नसेल तर तिचीही गरज नाही.

बसवताना रबरी व्हॉल्व्हऐवजी धातूचे, आतून नटाने आवळलेले व्हॉल्व्ह टाकून घ्या. ओढ्यातली काटकी किंवा दगड रबरी व्हॉल्व्ह मुळापासून उपटतो आणि टायर क्षणात बसतो. बॅलन्सिंग पाचही चाकांचं, अलाइनमेंट त्याच दिवशी, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर वळणं आणि ब्रेक सांभाळून. साच्यातून काढताना लावलेला निसरडा थर झिजायला तेवढं अंतर लागतं.

डांबरावर एलटी टायरला तेवढंच वजन पेलायला थोडी जास्त हवा लागते, म्हणून ३६ वर थांबू नका. सकाळी टायर थंड असताना ४० भरा, अर्धा-पाऊण तास नेहमीच्या वेगाने गाडी चालवा आणि लगेच पुन्हा मोजा. ६ पीएसआयच्या आसपास वाढ झाली तर आकडा बरोबर आहे. ९ वाढली तर टायर जास्त लवतोय आणि तापतोय, थंड असताना २ वाढवा. ३ च वाढली तर २ कमी करा. गाडी भरलेली असेल त्या दिवशी मागच्या चाकांत आणखी २ ते ४. गरम टायर मोजून ‘हवा जास्त झाली’ म्हणून कधीही सोडू नका. थंड झाल्यावर तो मऊ पडेल आणि दुसऱ्या दिवशी आणखी तापेल.

कच्च्या रस्त्याला लागताना मात्र हवा कमी करायची, साध्या खडीला २८ ते ३०. हे रोज मोजत बसायला नको. एका टायरची हवा ४० वरून २४ ला यायला किती सेकंद लागले ते एकदा घड्याळात पाहून ठेवा, बाकी तीन त्या हिशेबाने सोडा आणि गेजने खात्री करा. परत डांबराला लागायच्या आधी भरायची. २४ वर हायवेला ८० ने गेलात तर साइडवॉल आतून भाजते, आणि ते नुकसान बाहेरून दिसत नाही.

कॉम्प्रेसरवर कंजूषपणा करू नका. २० वरून ४० ला यायला या मापाच्या एका टायरला साधारण १०० लिटर हवा लागते, चारांना चारशे. १२ व्होल्टच्या सॉकेटला बहुधा १० ते १५ अँपिअरचाच फ्यूज असतो, त्यावरचा छोटा पंप दुसऱ्या टायरलाच तापतो किंवा फ्यूज उडवतो. बॅटरीला क्लिप लावून चालणारा, मिनिटाला ७० लिटरच्या पुढचा घ्या आणि इंजिन चालू ठेवून भरा. डब्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, टायरमध्ये दाब वाढला की तो बराच खाली येतो.

दर ८,००० किलोमीटरला पाच चाकांची अदलाबदल करा: मागची दोन सरळ पुढे, पुढचं उजवं मागे डावीकडे, पुढचं डावं स्टेपनीला, स्टेपनी मागे उजवीकडे. एकाच दिशेने फिरणाऱ्या नक्षीचे टायर घेतलेत तर हा क्रम जमणार नाही. ऑफ रोडला ते टाळण्याचं हेही एक कारण. मधेच कधीतरी नक्षीवरून तळहात आधी पुढे, मग मागे फिरवा. एका दिशेने हात गुळगुळीत जातो आणि उलट्या दिशेने ठोकळ्यांच्या कडा बोटांना अडत असतील, तर ठोकळे एका बाजूने झिजायला लागलेत. मग ८,००० ची वाट न पाहता चाकं बदला. हवा आणि अलाइनमेंट हीच त्याची नेहमीची कारणं.

आणि ओढ्यातून बाहेर आलात की दर वेळी एक काम करा. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरच्या आतल्या बाजू टॉर्चने पाहा, मागच्यांच्या गाडीखाली वाकून. बाहेरची बाजू सगळे पाहतात, आतली कोणी पाहत नाही. नुसतं रबर खरचटलं असेल तर काळजी नाही. चिरेत पांढरे धागे दिसले किंवा जवळ फुगा आला असेल तर टायर गेला, त्याला पॅच नाही की प्लग नाही. नक्षीत ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक असेल तर टायर रिमवरून उतरवून आतून छत्रीसारखा पॅच मारून घ्या, बाहेरून खुपसलेली पंक्चरची रबरी दोरी गावापर्यंत पोचण्यापुरतीच. साइडवॉल ओढ्याच्या मध्यात फाटली आणि चीर बोटाच्या पेरापेक्षा छोटी असली, तर तीन-चार दोऱ्या शेजारी-शेजारी ठासा, थोडी हवा भरा आणि माणूस चालेल त्या वेगाने सपाट, कोरड्या जागी या. जॅक तिथे लावा आणि स्टेपनी चढवा.